रेघ म्हणजे तार नव्हे

घरी पीसीबी करायला निघालेल्या माणसाला सगळ्यात आधी धास्ती वाटते ती फेरिक क्लोराइडची. द्रावण कितपत कडक हवे, इस्त्री किती वेळ दाबायची, टोनर कागद सोडून तांब्यावर नीट उतरेल का, ०.८ मिमीची ड्रिल बिट ऐन वेळी मोडली तर दुसरी जवळ आहे का, आणि मोरीच्या फरशीवर पडलेला तो तपकिरी डाग घरच्यांच्या नजरेस पडण्याआधी निघेल का. या सगळ्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बोर्ड चालला नाही की संशयही यांच्यावरच जातो. टोनर उडाला असेल, ट्रॅक तुटला असेल, डाख कोरडा बसला असेल. पण द्रावणात पडण्याच्या कितीतरी आधी बोर्ड बिघडलेला असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोही. स्क्रीनवरची एक रेघ पिनेला टेकल्यासारखी दिसत होती, टेकलेली नव्हती. हा बिघाड कागदावर छापला गेला, कागदावरून तांब्यावर उतरला आणि द्रावणाने तो इमानेइतबारे कोरून दिला. त्यात द्रावणाचा काय दोष?

ही पुस्तिका त्या आधीच्या टप्प्याबद्दल आहे. स्कीमॅटिक काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टोके 'जोडली' म्हणजे नेमके काय होते, सॉफ्टवेअर ती जोड कशी ओळखते आणि ती बोर्डापर्यंत कशी पोहोचते, एवढाच तिचा विषय. विषय लहान वाटतो. परंतु सर्किट समजणारी, डाख उत्तम लावणारी माणसेही इथे अडखळतात. याचे कारण असे, की आपण कागदावरची आकृती डोळ्याने वाचायला शिकलेलो असतो. डोळा उदार असतो. रेघ पिनेपासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबली तरी तो 'जोडले आहे' असेच समजून पुढे जातो. सॉफ्टवेअरकडे हा उदारपणा नाही.

सॉफ्टवेअरच्या लेखी स्कीमॅटिक हे चित्रच नसते. ती एक यादी असते. कोणत्या पिना एकमेकींशी विजेच्या दृष्टीने एकच आहेत, एवढेच त्या यादीत लिहिलेले असते. अशा एकत्र असलेल्या पिनांच्या गटाला नेट म्हणतात आणि सगळ्या नेटांच्या यादीला नेटलिस्ट. रेघा, वळणे, ठिपके, नावांच्या पाट्या ही सगळी खटपट ती यादी तयार करण्यापुरती. यादी तयार झाली की बोर्डाच्या बाजूला रेघांचे काही काम उरत नाही. एका नेटमधल्या पिनांचे नाते भावकीसारखे असते. कोणाचे घर कोणाच्या शेजारी आहे, कोणत्या वाटेने जावे लागते, हे भावकी ठरवताना कोणी विचारत नाही.

उदाहरणाशिवाय हे पटणार नाही, म्हणून एक साधे सर्किट घेऊ. ५५५ टायमरवर सेकंदाला साधारण एकदा लुकलुकणारा एलईडी. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी हा आयसी आखला, पुढच्या वर्षी तो बाजारात आला आणि अजून गेलेला नाही. आपल्या सर्किटात सुटे भाग नऊ आहेत: बॅटरीचा कनेक्टर जे१, ५५५ म्हणजे यू१, १ किलोओहमचा आर१, ६८ किलोओहमचा आर२ आणि एलईडीसाठी ४७० ओहमचा आर३, १० मायक्रोफॅरडचा सी१, १० नॅनोफॅरडचा सी२ आणि १०० नॅनोफॅरडचा सी३, आणि एलईडी डी१. हे सर्किट कोणी उभे काढेल, कोणी आडवे, कोणी सुबक, कोणी गचाळ. यादी मात्र सगळ्यांची एकच यायला हवी:

व्हीसीसी: जे१-१, यू१-८, यू१-४, आर१-१, सी३-१
ग्राउंड: जे१-२, यू१-१, सी१-२, सी२-२, सी३-२, डी१-१
डिस्चार्ज: यू१-७, आर१-२, आर२-१
टायमिंग: यू१-२, यू१-६, आर२-२, सी१-१
कंट्रोल: यू१-५, सी२-१
आउटपुट: यू१-३, आर३-१
एलईडी: आर३-२, डी१-२

सात ओळी. भागाच्या नावापुढे पिनेचा क्रमांक आहे. डायोडची १ नंबरची पिन कॅथोड, २ नंबरची ॲनोड. आता एक पडताळा करा. नऊ भागांच्या मिळून २४ पिना आहेत आणि सातही ओळींतल्या नोंदी मोजल्या तर त्याही २४ भरतात. एकही पिन सुटलेली नाही, एकही दोनदा आलेली नाही. (५५५ च्या आठही पिना इथे वापरात आहेत, म्हणून हिशेब इतका सरळ बसतो. एखादी पिन मुद्दाम मोकळी सोडायची असेल तर सॉफ्टवेअरमध्ये तिच्या टोकावर 'नो कनेक्ट'ची फुली मारतात. ती फुली म्हणजे मालकाची सही: विसरलो नाही, जाणूनबुजून सोडली आहे.) ही सात ओळींची यादी ज्याला हाताने लिहिता येते, त्याला स्कीमॅटिक सॉफ्टवेअर समजले, असे माझे मत आहे. बाकी सगळे बटणे कुठे आहेत याचे शिक्षण.

सॉफ्टवेअर ही यादी बनवते कशी? पिनेचे 'टोक' म्हणजे त्याच्या दृष्टीने एक बिंदू, आडवा आकडा आणि उभा आकडा. वायरच्या रेघेलाही दोन टोके असतात आणि तीही असेच बिंदू. वायरचे टोक आणि पिनेचे टोक यांचे आकडे तंतोतंत जुळले तर जोड, नाही तर नाही. 'जवळजवळ' हा शब्द त्याला माहीत नाही. म्हणून ग्रिड. किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये स्कीमॅटिकचा नेहमीचा ग्रिड ५० मिल, म्हणजे १.२७ मिमीचा असतो, आणि सोबत येणाऱ्या लायब्ररीतले सगळे सिम्बॉल त्याच मापावर बसवलेले असतात. घोटाळा सुरू होतो तो आपण स्वतः एखादा सिम्बॉल बनवतो तेव्हा. नावे सुटसुटीत दिसावीत म्हणून ग्रिड बारीक करतो, पिना त्या बारीक मापावर ठेवतो आणि मग मूळ ग्रिडवर परत येतो. आता वायर त्या पिनेवर काही केल्या बसत नाही. शेजारी जाऊन उभी राहते. स्क्रीनवर आकृती दूरवरून पाहिली तर काहीच खटकत नाही.

किकॅड यासाठी एक बारीक खूण देतो. मोकळ्या पिनेच्या टोकाला छोटे वर्तुळ असते, वायरच्या लोंबत्या टोकाला छोटा चौकोन. जोड झाली की दोन्ही नाहीसे होतात. वर्तुळ दिसत आहे म्हणजे जोड नाही, मग रेघ कितीही चिकटलेली दिसो. ही सवय डोळ्याला लावून घ्यायला एक संध्याकाळ पुरते, पण फार थोडे लोक ती लावून घेतात. दुसरी गोष्ट भाग हलवण्याची. 'एम' ही कळ दाबून भाग उचलला तर तो एकटा जातो, वायरी जागच्या जागी राहतात. 'जी' दाबून ओढला तर वायरी त्याच्याबरोबर ताणल्या जातात. जोड खरी आहे का हे तपासण्याचा सगळ्यात सोपा उपाय हाच. भाग 'जी'ने थोडा ओढून पाहावा, वायर मागे आली तर नाते खरे. पाहून झाले की एस्केप दाबून सोडून द्यावे.

ईगल या जर्मनीत जन्मलेल्या आणि एके काळी घरगुती बोर्ड करणाऱ्यांच्या अतिशय आवडत्या सॉफ्टवेअरमध्ये या प्रश्नाने आणखी एक रूप घेतले होते. त्यात 'वायर' नावाची आज्ञा नुसती रेघ काढायची आणि विजेची जोड करायला 'नेट' ही वेगळी आज्ञा होती. वायर म्हटल्यावर तार समजणाऱ्या नवख्याची काय चूक? सगळे सर्किट सुरेख काढून झाल्यावर बोर्डाच्या खिडकीत एकही जोड दिसायची नाही. ईगलची मालकी पुढे ऑटोडेस्ककडे गेली आणि कंपनीने ७ जून २०२६ नंतर ते बंद करण्याचे जाहीर केले. या पुस्तिकेतली उदाहरणे किकॅडवर आहेत ती याही कारणाने. जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये किकॅडला सुरुवात केली, पुढे सर्न या संशोधन संस्थेतल्या इंजिनिअरांनी त्याला हातभार लावला. ते मोफत आहे, मुक्त आहे, आणि उद्या कोणा कंपनीच्या मर्जीने बंद पडणारे नाही.

रेघांचे छेद हा पुढचा प्रश्न. दोन वायरी एकमेकींवरून गेल्या आणि छेदावर ठिपका नसला तर त्या जोडलेल्या नाहीत. ठिपका असला तर जोडलेल्या. नियम सोपा आहे आणि सॉफ्टवेअर तो चोख पाळते. वायर दुसऱ्या वायरच्या मध्यावर आणून संपवली तर ठिपका आपोआप पडतो. तरीही चार दिशांनी येणाऱ्या वायरी एका ठिपक्यावर मिळवू नयेत, असे जाणकार सांगतात आणि मीही त्याच पंथाचा. कारण सॉफ्टवेअरचे नाही, माणसाचे आहे. झेरॉक्समध्ये ठिपका पुसट होतो, छोट्या मोबाइलवर दिसत नाही, आणि चौक जोडलेला की नुसता ओलांडलेला हे कळेनासे होते. त्याऐवजी दोन वायरी एक घर अंतर सोडून, इंग्रजी टी अक्षरासारख्या आणून मिळवाव्यात. टीची जोड ठिपका पुसला गेला तरी जोडच वाचली जाते. जुन्या रेडिओच्या आकृत्यांमध्ये न जोडलेल्या तारेला छोटी कमान काढून वरून नेत असत, त्यामागचा हेतू हाच होता.

आतापर्यंतच्या जोडी निदान दिसत तरी होत्या. लेबल आणि पॉवर सिम्बॉल आले की रेघ नाहीशीच होते. पानाच्या एका कोपऱ्यात वायरच्या टोकावर 'क्लॉक' असे लेबल लावा, दुसऱ्या कोपऱ्यात तेच लेबल लावा, जोड झाली. सोय मोठी आहे आणि धोकाही तेवढाच. किकॅडमध्ये 'व्हीसीसी' तिन्ही मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि दुसरीकडे पहिले मोठे, पुढची दोन लहान असे लिहिले, तर ती दोन वेगळी नेटे होतात. माणूस दोन्ही एकच वाचतो. ग्राउंडच्या चिन्हांचेही तसेच. तीन आडव्या रेघांचे, त्रिकोणाचे, कंगव्यासारखे, अशी चिन्हे दिसायला वेगळी असतात. सॉफ्टवेअर चिन्हाचा आकार पाहत नाही, नाव पाहते. एका भागाला एक चिन्ह आणि दुसऱ्याला दुसऱ्या नावाचे चिन्ह दिले, तर बोर्डावर दोन ग्राउंड तयार होतात आणि त्यांच्यामध्ये तांब्याचा एक कणही येत नाही.

याहून आडमुठे प्रकरण म्हणजे लपलेल्या पिना. ७४ मालिकेतल्या ७४०० सारख्या आयसीला १४ नंबरवर पुरवठा आणि ७ नंबरवर ग्राउंड लागते. जुन्या लायब्ऱ्यांमध्ये या दोन पिना आकृतीत काढलेल्याच नसत. चारही गेट सुटसुटीत दिसत, आणि पडद्याआड त्या पिना व्हीसीसी आणि ग्राउंड या नावाच्या नेटांना आपोआप जोडल्या जात. तुम्ही पुरवठ्याच्या नेटाला 'प्लस ५ व्होल्ट' असे नाव दिले असेल तर? आकृती पूर्ण, आयसी उपाशी. ४००० मालिकेत पुरवठ्याच्या पिनेचे नाव व्हीडीडी असे असते, त्यामुळे दोन्ही मालिकांचे आयसी एका बोर्डावर आले की गोंधळ ठरलेला. नव्या लायब्ऱ्यांमध्ये पुरवठ्याच्या पिना वेगळा तुकडा म्हणून दाखवतात. तो तुकडा आठवणीने पानावर ठेवावा लागतो. लपवण्यापेक्षा हे बरे. जे जोडायचे आहे ते दिसले पाहिजे, मग आकृती थोडी गचाळ झाली तरी चालेल.

यादीत पिनेचा क्रमांक असतो, हे वर सहज म्हटले. त्या क्रमांकातच एक सापळा आहे. स्कीमॅटिकमधला सिम्बॉल आणि बोर्डावरचा फूटप्रिंट यांना जोडणारा दुवा फक्त तो क्रमांक. सिम्बॉलची १ नंबरची पिन फूटप्रिंटच्या १ नंबरच्या पॅडवर जाते. ती कलेक्टर आहे की एमिटर याच्याशी सॉफ्टवेअरला देणेघेणे नाही. बीसी५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. २एन३९०४ मध्ये तो नेमका उलटा: एमिटर, बेस, कलेक्टर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत एक मागायला जावे आणि "हा घ्या, हा पण एनपीएनच आहे, चालेल" म्हणून दुसरा हातात यावा, असे होतच असते. एनपीएन आहे हे खरे. चालेल हे फूटप्रिंटवर अवलंबून. वाईट म्हणजे उलटा बसलेला ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प बसत नाही. थोडेसे ॲम्प्लिफिकेशन करतो, आणि आपण रेझिस्टर बदलत बसतो.

अशा वेळी 'सॉफ्टवेअर तपासून देत नाही का?' असा प्रश्न येतो. देते, पण त्याची तपासणी कशाची असते हे माहीत हवे. ईआरसी, म्हणजे विद्युत नियमांची तपासणी, पिनांच्या प्रकारांवर चालते. प्रत्येक पिनेवर ती इनपुट आहे, आउटपुट आहे, पॅसिव्ह आहे की पुरवठा घेणारी आहे, असा शिक्का असतो. दोन आउटपुट एका नेटवर आले की ओरड होते. पुरवठा घेणारी पिन आहे, पण पुरवठा देणारी कोणीच नाही, तरी ओरड होते. आपल्या ५५५ च्या सर्किटात हीच दुसरी तक्रार येते, आणि नवखा माणूस चक्रावतो, कारण बॅटरी तर जोडली आहे. पण सॉफ्टवेअरला बॅटरी दिसत नाही. दिसतो दोन पॅसिव्ह पिनांचा कनेक्टर. तिथून वीज येणार आहे की जाणार आहे हे त्याने कसे ओळखावे? किकॅडमध्ये त्या नेटवर 'पॉवर फ्लॅग' ठेवला की शंका मिटते. ग्राउंडवरही एक ठेवावा लागतो. तक्रार बंद करण्याचे बटण म्हणून तो जिथे तिथे चिकटवणारे लोक आहेत. त्यांची ईआरसी नेहमी स्वच्छ येते आणि बोर्ड येत नाहीत. उलट एलईडीचे ॲनोड-कॅथोड अदलाबदल झाले, आर२ च्या जागी ६८ ओहम पडला, ट्रान्झिस्टर वेगळ्या क्रमाचा निवडला, यातले काहीही ईआरसीला कळत नाही. नियमात बसते आहे ना, मग झाले.

आता बोर्डाकडे. यादी बोर्डाच्या खिडकीत आली की भाग इतस्ततः पडलेले दिसतात आणि पॅडांमध्ये बारीक सरळ रेषांचे जाळे पसरते. हे रॅट्सनेस्ट. त्या रेषा किती असतील हे आधीच सांगता येते. पाच पिनांचे नेट जोडायला किमान चार रेषा, सहाच्या नेटाला पाच. प्रत्येक नेटात एक कमी. आपल्या सर्किटात २४ पिना आणि ७ नेटे, म्हणून १७ रेषा. स्कीमॅटिकमध्ये तुम्ही बारा वायरी काढल्या असोत की चाळीस, बोर्डावर १७ च. सतराऐवजी सोळा दिसल्या तर स्कीमॅटिकमध्ये काहीतरी सुटले आहे, अठरा दिसल्या तर नको ते चिकटले आहे, हे ट्रॅक टाकायच्या आत कळते. हा हिशेब करायला अर्धा मिनिट लागतो. घरगुती बोर्डासाठी याच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही.

शिवाय रॅट्सनेस्टमधले नाते कोणत्या वाटेने जुळावे, याचे स्वातंत्र्य तुमच्याकडे असते. एकाच बाजूला तांबे असलेल्या बोर्डावर हे स्वातंत्र्य फार मोलाचे. ५५५ च्या डीआयपी पुड्यात डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ अशा पिना असतात. २ आणि ६ जोडायच्या, ४ आणि ८ जोडायच्या. दोन्ही ट्रॅक चिपच्या पोटाखालून सरळ न्यायला गेलात तर ते एकमेकांना कापतात. स्कीमॅटिकमध्ये हा छेद कदाचित नसेलही, कारण तिथे सिम्बॉलच्या पिना कामाप्रमाणे मांडलेल्या असतात, पुड्यातल्या क्रमाने नाही. तेव्हा २ आणि ६ पोटाखालून न्यावे आणि व्हीसीसीला वळसा घालून. व्हीसीसी ४ वरून थेट ८ लाच जायला हवी असेही नाही. कनेक्टरकडून दोन फाटे आले तरी यादीचे समाधान होते. रेझिस्टरचे पाय १०.१६ मिमी अंतरावर असतील तर त्याच्या खालून एक-एक मिलिमीटरचे तीन ट्रॅक आरामात जातात. म्हणजे प्रत्येक रेझिस्टर हा फुकटचा पूल आहे. त्यावरही भागले नाही तर जंपर, रेझिस्टरच्या कापलेल्या पायांचा.

जंपरबाबत एक सूचना. काही जण जंपर हा वेगळा भाग म्हणून स्कीमॅटिकमध्ये टाकतात. मग व्हीसीसीचे दोन तुकडे होतात, जंपरच्या अलीकडचे एक नेट आणि पलीकडचे दुसरे, आणि यादीवरून सर्किट वाचणे अवघड होते. मला दुसरी रीत बरी वाटते: सॉफ्टवेअरमध्ये बोर्ड दोन बाजूंचा आहे असे सांगावे, खालची बाजू कोरावी आणि वरच्या बाजूला फक्त सरळ, आखूड ट्रॅक काढावेत. ते कोरायचे नाहीत, त्यांच्या जागी तारा लावायच्या. नेट एकच राहते, आणि तपासणीच्या वेळी सॉफ्टवेअर आपल्या बाजूने उभे राहते.

इथवर यादीचे गुणगान झाले. तिला जे कळत नाही तेही सांगायला हवे, कारण घरगुती ॲम्प्लिफायर गुरगुरतात ते त्यामुळे. सी३ हा कपॅसिटर व्हीसीसी आणि ग्राउंड यांच्यामध्ये आहे. यादीनुसार तो बोर्डाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसला तरी जोड बरोबर. पण ५५५ चे आउटपुट पालटताना तो पुरवठ्यातून क्षणभर मोठा करंट ओढतो, आणि सी३ आहे तो हा धक्का तिथल्या तिथे सोसण्यासाठी. पिन ८ आणि १ च्या अगदी जवळ नसला तर त्याच्या असण्याला फारसा अर्थ नाही.

ग्राउंडचे आणखी गंभीर आहे. बोर्डावरचे तांबे साधारण ३५ मायक्रॉन जाड असते. १ मिमी रुंद आणि १० सेंमी लांब ट्रॅकचा रोध त्यावरून जवळपास ०.०५ ओहम येतो. एलएम३८६ च्या छोट्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरचा २०० मिलिअँपिअर करंट याच ट्रॅकवरून बॅटरीकडे परतत असेल, तर त्याच्या दोन टोकांमध्ये १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. इनपुटचे ग्राउंड दुर्दैवाने याच ट्रॅकच्या दूरच्या टोकाला असेल तर हे १० मिलिव्होल्ट इनपुटात मिसळतात, आणि आयसी त्यांना किमान वीसपट करून पुन्हा स्पीकरला देतो. यादी म्हणते हे सगळे बिंदू एकच आहेत. तांबे म्हणते, नाहीत. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि भाग मांडताना कोणाचे कधी ऐकायचे हे आपल्याला ठरवायचे असते. पुस्तिकेचे सर्वांत मोठे प्रकरण यावरच आहे.

बोर्ड कोरून झाला की तो यादीशी जुळतो का हे पाहणे उरते. कारखान्यातून बोर्ड मागवणाऱ्याला याची चिंता कमी. तिथे भाग लागण्यापूर्वी कोऱ्या बोर्डाची विद्युत तपासणी करून मिळते. यंत्राच्या सुया पॅडांवर पळत जातात आणि नेटलिस्टशी मेळ घालतात. घरी ते यंत्र म्हणजे आपला मल्टिमीटर. पूर्वी फिल्मवर काळ्या टेपा चिकटवून बोर्ड आखत, तेव्हा आकृतीवरची प्रत्येक तपासलेली रेघ पिवळ्या हायलायटरने रंगवत जायची पद्धत होती. ती अजूनही चांगली आहे. जंपर असतील तर ते आधी लावून घ्यावेत, बाकी बोर्ड कोरा ठेवावा. आपल्या सर्किटासाठी नेटांच्या आत १७ वेळा बीप वाजला पाहिजे आणि सात नेटांच्या २१ जोड्यांमध्ये एकदाही वाजता कामा नये. यात जो वेळ जातो तो भाग लावल्यावर शोधाशोध करण्याच्या मानाने काहीच नाही, शिवाय भाग लागले की रेझिस्टर आणि कपॅसिटर मध्ये पडून मीटरलाही फसवतात.

आपल्याकडे घरी बोर्ड करण्याची हौस जुनी आहे. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकात सर्किटासोबत प्रत्यक्ष मापाचा, एका बाजूच्या बोर्डाचा नकाशा छापून येत असे, आणि तो कार्बन ठेवून तांब्यावर गिरवणारी मुले गावोगावी होती. त्यांचे बोर्ड चालत. पण सर्किटात एक रेझिस्टर वाढवायचा म्हटले की हात थांबायचा, कारण ट्रॅक गिरवले होते, जोड समजून घेतली नव्हती. आज साधने फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने किकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र आणून 'ईसिम' तयार केले आहे. त्यात स्कीमॅटिकमधून निघालेली यादीच पुढे सिम्युलेशनला दिली जाते, त्यामुळे बोर्ड कोरण्याआधी ५५५ लुकलुकतो की नाही हे स्क्रीनवर पाहता येते. यादी चुकीची असेल तर सिम्युलेशन चुकीच्या सर्किटाचे अचूक उत्तर देईल, ही बाब वेगळी.

या पुस्तिकेत अनेक पानांचे स्कीमॅटिक, बस आणि पृष्ठभागावर बसणारे बारीक भाग घेतलेले नाहीत. घरी इस्त्रीने टोनर उतरवणाऱ्याला सुरुवातीला त्यांची गरज पडत नाही. फक्त भोकांत बसणारे भाग, एका बाजूचे तांबे आणि वर दिलेले ५५५ चे सर्किट. तेच सर्किट शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा येते, दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडलेले. पहिल्या प्रकरणाला संगणक लागत नाही. एखाद्या जुन्या मासिकातली दहा-बारा भागांची आकृती, वही आणि पेन्सिल घेऊन बसावे आणि तिची नेटलिस्ट हाताने लिहून काढावी. पिनांची बेरीज जुळेपर्यंत पान उलटू नये.